बाळ येण्याआधी गोधड्या शिवून ठेवा

घरात सातवा महिना लागला की आमच्या सातारा भागात आजीची ट्रंक उघडते आणि जुनी सुती नऊवारी लुगडी बाहेर येतात. बाळाच्या गोधडीला नवं कापड घेऊच नका. वर्षानुवर्षं धुऊन खळ पार निघून गेलेल्या लुगड्याचा मऊपणा दुकानात मिळत नाही.

कापड खरंच सुती आहे का, ते चार धागे जाळून पाहा. सूत कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टर ओल नीट शोषत नाही, त्यामुळे बाळाच्या अंगाखाली ते नकोच.

खाली-वर लुगडं, मध्ये जुन्या धोतराचे दोन-तीन थर. दोन हात लांब, दीड हात रुंद पुरे. आधी लांब टाके घालून थर पक्के करा, मग कडेपासून आत फिरत बारीक धावदोरा घाला. गाठी थरांच्या आत दडवा. हे फार महत्त्वाचं आहे! लोंबता दोरा तान्ह्याच्या बोटाला गुंडाळला, तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर गोधडी उलटसुलट करून बघा.

गोधडी बाळाच्या खाली घालायची, तोंडावर कधीच नाही. बाळाला उताणंच झोपवा, उशी नको.

पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर पाच-सहा तरी शिवा. एक वाळेपर्यंत दुसरी ओली होते. उरलेल्या कापडाची झबली आणि लंगोट होतात.