परसातील अंडे आणि घरातील मूल

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे सर्वदूर परिचित आहे. या तीर्थक्षेत्री व आसपासच्या खेड्यांत काही घरी अंडे वर्ज्य आहे, तर काही घरी परसात कोंबड्या हिंडतात. मात्र कोंबड्या पाळणाऱ्या घरांतही पुष्कळदा अंडी बाजारात जातात आणि पाळणाऱ्याचे मूल भाकरी-चटणीवरच राहते. चार पैसे हाती येतात हे खरे. पण त्यासाठी घराला काय गमवावे लागते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

सुमारे 50 ग्रॅम वजनाच्या अंड्यापासून 6 ते 6.5 ग्रॅम प्रथिने व 70 ते 75 उष्मांक मिळतात. ज्वारी, गहू इत्यादी तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हे द्रव्य कमी असते, तर डाळींच्या प्रथिनांत मेथिओनीन कमी पडते. अंड्यात ही दोन्ही योग्य प्रमाणात असतात. म्हणूनच वाढत्या मुलाच्या शरीराला अंड्यातील प्रथिनांचा जवळजवळ संपूर्ण उपयोग होतो. अ, ड व ब-12 ही जीवनसत्त्वे मुख्यतः पिवळ्या बलकात असतात. तेव्हा बलक टाकून केवळ पांढरा भाग मुलास देणे म्हणजे गर काढून साल खाऊ घालण्यासारखे आहे.

तथापि अंडे म्हणजे सर्व काही नव्हे. त्यात क जीवनसत्त्व व चोथा नसतो, आणि त्यातील लोह शरीरात अल्प प्रमाणातच शोषले जाते. म्हणून जेवणात पालेभाजी असावी व तीवर लिंबू पिळावे.

अंडे कच्चे पिऊ नये. कच्च्या पांढऱ्या भागातील अ‍ॅव्हिडिन हे द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वास बांधून ठेवते. शिवाय रोगजंतूंचे भय असते. पाणी उकळू लागल्यावर दहा-बारा मिनिटे शिजविल्यास हे दोन्ही दोष टळतात. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झालेल्या बाळासही नीट शिजविलेले अंडे कुस्करून थोडे थोडे देता येते. प्रारंभी अंगावर पुरळ उठते काय, हे पाहावे. कवच पांढरे असो वा तांबूस, पोषणात फरक पडत नाही.

अंडे ताजे आहे की नाही, हे ओळखणे सोपे आहे. पाण्यात टाकल्यावर ताजे अंडे तळाशी आडवे पडते, शिळे उभे राहते आणि फार जुने तरंगते. कारण कवचातून ओलावा उडून आतील हवेची पोकळी वाढत जाते. साठवावयाची अंडी धुवू नयेत. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर जातो.

ज्या घरी अंडे वर्ज्य आहे, तेथे त्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु त्याची उणीव मात्र जाणीवपूर्वक भरून काढली पाहिजे. 200 मिलिलिटर दुधातून एका अंड्याइतकीच प्रथिने मिळतात. भाकरीबरोबर तुरीचे वरण घेतल्यास दोहोंची उणीव परस्परांकडून भरून निघते. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन विपुल पिकते, पण बहुतेक सर्व विकले जाते. ते भिजवून, उकळून व वाळवून दळणात थोडे मिसळावे. कच्चे सोयाबीन पचनास बाधक ठरते. ब-12 साठी दूध-दही नियमित असावे.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला होता. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय होती. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबविण्यात आला. तेव्हा मुलाच्या ताटाची जबाबदारी प्रथम घराचीच आहे, हे विसरून चालणार नाही.

परसात पाच-सहा कोंबड्या असलेल्या शेतकरी बंधूभगिनींनी एवढाच नियम करावा : प्रथम घरातील मुले व गरोदर स्त्री यांचा वाटा बाजूला काढावा, आणि उरलेली अंडी बाजारात न्यावीत.