सुऱ्यांचे घर

स्वयंपाकघरातील सुरी दिवसाच्या चोवीस तासांत हातात असते ती फार तर तासभर. उरलेला सारा काळ ती कोठे तरी पडून असते. आणि तिची धार बोथट होते, तिच्यावर गंज चढतो किंवा तिने कोणाचे बोट कापते, ते पुष्कळदा या विश्रांतीच्या काळातच. भाजी कशी चिरावी याचे शिक्षण घरोघरी मिळते. परंतु चिरून झाल्यावर सुरी कोठे व कशी ठेवावी, हे बहुधा कोणी सांगत नाही. चमचे, डाव आणि उलथणी ज्या खणात असतात, त्याच खणात सुऱ्याही टाकल्या जातात. खण उघडताना व लोटताना पाती एकमेकांवर आपटतात, आणि घाईने आत गेलेल्या हाताला नेमकी धारच आधी सापडते.

जुन्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता, कारण तेथे सुरीपेक्षा विळीचा वापर अधिक होता. बसून चिरण्याची ही रीत केवळ महाराष्ट्राची नव्हे. बंगालमध्ये जिला बोंटी म्हणतात, कर्नाटकात ईळिगेमणे, तमिळनाडूत अरुवामणै आणि तेलुगू मुलखात कत्तिपीट, ती सारी एकाच कुळातील साधने होत. यांत पाते पाटाला जडवलेले असते. पाते स्थिर राहते आणि हलते ती भाजी. पुष्कळशा विळ्यांचे पाते मिटून पाटावर आडवे करता येते. काम संपताच विळी पाडून ठेवावी, उभी सोडू नये, ही शिस्त लहान मुलींनाही लावली जाई. हत्यार आणि त्याचे घर ही दोन्ही त्या एका पाटातच सामावलेली होती.

पुढे शहरांतील घरे बदलली. चूल जमिनीवरून ओट्यावर आली, तिच्यामागून पोळपाटही वर आला, आणि उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हाती सुरी आली. प्रथम एक होती. मग टोमॅटोसाठी दातेरी, फळांसाठी लहान, पावासाठी लांब, कोबी व कलिंगडासाठी मोठी, अशी तिची बहीण-भावंडे जमली. विळी आपले घर बरोबर घेऊन आली होती. सुरी मात्र घराविना आली. ते घर तिला बांधून देणे, आणि तेही असे की आज आणलेल्या व उद्या आणल्या जाणाऱ्या निरनिराळ्या मापांच्या सुऱ्या त्यात सुखाने राहाव्यात, हा वाटतो तितका क्षुल्लक विषय नाही.

आरंभ धारेच्या स्वरूपापासून केला पाहिजे. चांगली लावलेली धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात ती कड. तिची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांहून अधिक नसते. इतकी सूक्ष्म कड दुसऱ्या पोलादावर किंवा काचेवर आपटली की दुमडते अथवा तिचा कपरा उडतो. युरोपीय पद्धतीच्या सुऱ्यांचे पोलाद काहीसे मऊ असते. त्यांची धार दुमडते, पण सहसा तुटत नाही. जपानी पद्धतीच्या पुष्कळ सुऱ्या अधिक कठीण व अधिक ठिसूळ असतात. त्यांची धार फार काळ टिकते, परंतु आडवा धक्का बसला की तिला खाडे पडतात. बोथट सुरीवर जोर अधिक द्यावा लागतो, आणि जोराने दाबलेली सुरी घसरली की हात कापतो. म्हणून धार जपणे हे सुरीच्या मालकाचा हात जपण्यासारखेच आहे.

त्यानंतर मापे. प्रत्येक सुरीची तीन मापे घ्यावी लागतात: मुठीपासून टोकापर्यंत पात्याची लांबी, पात्याची जास्तीत जास्त रुंदी आणि पाठीची जाडी. फळे सोलण्याच्या लहान सुरीचे पाते ८ ते १० सेंटिमीटर लांब व सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते. तिची पाठ दीड मिलिमीटरच्या आसपास. स्वयंपाक्याच्या मोठ्या सुरीचे पाते सामान्यतः २० सेंटिमीटर लांब व साडेचार ते पाच सेंटिमीटर रुंद असून पाठ दोन ते तीन मिलिमीटर जाड असते. पाव कापण्याची सुरी तितकीच किंवा थोडी अधिक लांब, पण अरुंद असते. चिनी पद्धतीची चौकोनी सुरी आठ-दहा सेंटिमीटर रुंद भरते. या आकड्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. लांबी व रुंदी यांत सुऱ्या-सुऱ्यांमध्ये मोठा फरक असला, तरी पाठीच्या जाडीत तो अगदी थोडा आहे. निरनिराळ्या सुऱ्यांना एकत्र राहता येण्याची गुरुकिल्ली याच गोष्टीत आहे.

बाजारात सर्वत्र दिसणारा ठोकळा मात्र या गुरुकिल्लीचा उपयोग करीत नाही. त्यात प्रत्येक सुरीसाठी तिच्या मापाची वेगळी खाच असते. ज्या सुऱ्यांसह तो विकला जातो, त्यांना तो ठीक बसतो. परंतु त्यांतील एक सुरी मोडून तिच्या जागी दुसरी आली की तिला जागा सापडत नाही. शिवाय त्या खाचा बहुधा उभ्या असतात आणि ठोकळा तिरपा असतो; त्यामुळे सुरी आत सरकवताना तिची धार लाकडावर घासत जाते. अशा ठोकळ्यात सुरी पाठ खाली व धार वर करून ठेवावी, हा त्यावरील साधा उपाय. त्याहून उत्तम उपाय म्हणजे खाचच आडवी करावी. मग पाते अंगावर निजते, त्याचा भार सपाट बाजूवर पडतो, आणि धारेवर ओझे येत नाही.

कोणतीही सुरी चालावी म्हणून आणखी दोन युक्त्या प्रचारात आहेत. पहिलीत एका उघड्या पेटीत बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक काड्या उभ्या भरतात. पाते खुपसले की काड्या बाजूला सरतात आणि त्याला हवी तशी जागा करून देतात. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पेटीत तीन मिलिमीटर जाडीच्या काड्या हजाराच्या वर मावतील. पण त्या ठासून भरल्या तर पाते शिरणारच नाही, म्हणून थोडी मोकळीक ठेवावी लागते. ही युक्ती स्वस्त व सोयीची खरी. तथापि काड्यांच्या रानात कण आणि ओल अडकते. पावसाळ्यात तेथे बुरशी धरू नये म्हणून सर्व काड्या काढून, धुऊन उन्हात वाळवण्याचे काम वरचेवर करावे लागते.

दुसरी युक्ती लोहचुंबकाची. लाकडी फळीच्या मागल्या अंगाला चुंबक बसवून ती भिंतीवर ठोकली की सुऱ्या तिला चिकटून राहतात. येथे एखाद्याला शंका येईल, की स्टेनलेस स्टीलच्या कित्येक भांड्यांना चुंबक चिकटत नाही, मग सुरीला कसा चिकटेल? भांड्यांसाठी सामान्यतः निकेल मिसळलेले पोलाद वापरतात, आणि त्यास चुंबक जवळजवळ ओढीत नाही. सुरीला धार धरण्यासाठी तापवून, झटकन थंड करून कठीण करता येईल असे पोलाद लागते, आणि ते चुंबकाला चिकटते. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केलेले न गंजणारे पोलाद या दुसऱ्या जातीचे होते, आणि प्रारंभी त्याचा उपयोग सुऱ्या-काट्यांसाठीच झाला. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. म्हणून चुंबकावरील लाकडाचा थर दोन-तीन मिलिमीटरांहून जाड ठेवू नये. फळीवर आधी सुरीची पाठ टेकवावी आणि मग पाते अलगद निजवावे. काढताना याच्या उलट करावे. अंगावर अंग आपटले की धारेचे नुकसान होते. सुरी उघड्यावर वाळते हा या पद्धतीचा मोठा गुण. पण धार उघडी राहते, आणि चिनी मातीच्या सुऱ्या तिला चिकटत नाहीत, हे दोष आहेत.

तिसरा मार्ग जुन्या ठोकळ्याचाच, परंतु सुधारलेला. कोणताही हुशार सुतार तो करून देऊ शकेल. प्रत्येक सुरीसाठी खाच कोरण्याऐवजी चार फळ्या एकावर एक रचाव्यात आणि दर दोन फळ्यांच्या मध्ये, दोन्ही कडांना, चार मिलिमीटर जाडीची एकेक पट्टी घालावी. म्हणजे पट्ट्यांमधील सारी रुंदी ही एकच लांबलचक आडवी खाच होते. फळी १८ सेंटिमीटर रुंद असली तर अशा एका खाचेत एक मोठी व दोन लहान सुऱ्या शेजारी शेजारी राहतात; उद्या त्यांऐवजी चिनी सुरी आली तरी तिला जागा मिळते. पाठ तीन मिलिमीटरांहून जाड नसली म्हणजे झाले. हे सर्व सरसाने कायमचे न चिकटवता दोन्ही कडांच्या पट्ट्यांतून आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी व नटांनी आवळावे. मग पट्टी बदलली की खाचही बदलते, आणि वर्षातून दोनदा सारा ठोकळा उलगडून आतून पुसता येतो. बंद ठोकळ्याच्या अंधाऱ्या खाचेत काय साठले आहे हे कधीच दिसत नाही. ही उणीव येथे दूर होते.

फळीची जाडी हातावरून ठरवावी. निजलेल्या सुरीची मूठ दीड-दोन सेंटिमीटर जाड असते आणि तिच्याभोवती बोटे फिरण्यास तितकीच जागा लागते. म्हणून एका खाचेपासून दुसरी खाच सुमारे चार सेंटिमीटरांवर असावी. फळी साडेतीन सेंटिमीटरांची असली की हे साधते. फळीची लांबी सर्वांत लांब पात्याहून दीड-दोन सेंटिमीटर अधिक धरावी. पाते २० सेंटिमीटरांचे असल्यास फळी २२ सेंटिमीटरांची. खालचे टोक बंद करू नये. ते ओट्यापासून बोटभर उचललेले असावे, म्हणजे पाणी व कण खाली निथळतात आणि हवा खेळते. टोके आतच राहत असल्याने त्यांपासून भय नसते.

हा ठोकळा उभा ठेवावा की तिरपा, हे ओट्यावरील कपाट ठरवते. २० सेंटिमीटरांचे पाते आणि १३ सेंटिमीटरांची मूठ मिळून सुरी ३३ सेंटिमीटर लांब होते. २२ सेंटिमीटर उंचीच्या उभ्या ठोकळ्यातून ती पूर्ण बाहेर यायची तर ओट्यापासून ५५ सेंटिमीटर जागा मोकळी हवी. पुष्कळ घरांत कपाट त्याहून खाली असते, आणि मग सुरी वाकडी करून ओढावी लागते. तसे करताना धार व टोक दोन्ही दुखावतात. तोच ठोकळा ४५ अंशांत कलवला तर सुमारे ४० सेंटिमीटर उंची पुरते. मात्र कललेला ठोकळा पुढे कोलमडू नये म्हणून त्याची बैठक मुठींच्या दिशेने पुढे आलेली असावी. सर्वांत जड सुरी एकटीच वरच्या खाचेत ठेवून ती अर्धी ओढून पाहावी. त्या स्थितीतही ठोकळा हलला नाही, तर तो स्थिर समजावा. मटणाचा सत्तूर यात ठेवू नये. त्याची पाठ जाड व वजन फार असते. त्याला भिंतीवर वेगळी खुंटी द्यावी.

लाकडाच्या निवडीतही विचार हवा. मराठी कुटुंबे आज कोकणच्या दमट किनाऱ्यावर राहतात तशी दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यातही राहतात. इंदूर-ग्वाल्हेरला राहतात तशी कोलकात्यातही. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते व ती सोडून आकसते. पण हा बदल रेषांना आडवा होतो, रेषांच्या दिशेने फारच थोडा. म्हणून लाकडाच्या रेषा पात्याच्या लांबीबरोबर धावाव्यात आणि फळ्या व पट्ट्या एकाच जातीच्या, चांगल्या मुरलेल्या लाकडाच्या असाव्यात. ओले लाकूड वापरल्यास फळ्या पिळवटतात आणि खाच कोठे आवळ, कोठे सैल होते. सागवान ओलीला चांगले तोंड देते. खैरासारख्या तुरट द्रव्य असलेल्या लाकडाचा पोलादाशी ओलसर संबंध आला तर काळे डाग पडतात. गंजणाऱ्या साध्या पोलादाच्या सुऱ्यांसाठी ते टाळावे. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात द्यावा व तो पुरता वाळू द्यावा. ऋतू बदलला की नट तपासावेत.

इतके करूनही एक पथ्य उरते, आणि ते पाळले नाही तर उत्तम ठोकळाही फुकट जातो. सुरी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करूनच घरात ठेवायची. ओली सुरी आत गेली की ती लाकडाला ओल देते आणि लाकूड ती ओल पुन्हा तिलाच परत करते. दुसरे असे, की प्रत्येक सुरीची जागा एकदा ठरली म्हणजे ती घरातील सर्वांनी पाळायची. मुठी सारख्याच दिसतात. लहान सुरी समजून मोठी ओढली जाणे हेही अपघाताचे एक कारण आहे. घरात वृद्ध व मंददृष्टीचे माणूस असेल तर ठरलेली जागा हाच त्याचा डोळा. आणि लहान मूल असेल तर ठोकळा ओट्याच्या कडेला न ठेवता भिंतीलगत, त्याच्या हाताबाहेर ठेवायचा.

विळी पाडून ठेवण्याची शिस्त ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यांना यात नवे असे काही वाटू नये. पाटावर बसणारी गृहिणी उठण्यापूर्वी पाते मिटवीत असे, कारण थोड्याच वेळात तेथून कोणाचे तरी पाऊल जाणार हे तिला ठाऊक होते. ओट्यावरील सुरीपुढे पाऊल नाही, तर हात येतो, एवढाच काय तो फरक. चार फळ्या, सहा पट्ट्या आणि मूठभर नट-बोल्ट यांनी बांधलेले घर त्या हाताची तीच काळजी वाहू शकते.