जुन्या रायफलीचा पीळ आणि गोळीची लांबी

शिकारीच्या जुन्या रायफलीसाठी अचूक काडतूस निवडण्याचा प्रश्न वरवर पाहता केवळ बाजारातील उपलब्धतेचा वाटतो. नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या खोक्यावरील नाव जुळले म्हणजे काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु नावाच्या जुळणीने काडतूस रायफलीत सुरक्षितपणे बसेल एवढीच हमी मिळते; गोळी नेमकी जाईल अशी हमी त्यातून मिळत नाही. अचूकता हा एकट्या काडतुसाचा किंवा एकट्या रायफलीचा गुण नसून त्या दोहोंमधील एका गणिती संबंधाचा परिणाम असतो. अमेरिकेतील .२४४ रेमिंग्टन या काडतुसाच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

१९५५ साली अमेरिकेत ०.२४३ इंच व्यासाच्या गोळीची दोन नवी काडतुसे बाजारात आली : .२४३ विंचेस्टर व .२४४ रेमिंग्टन. गोळीचा व्यास एकच असला तरी दोहोंची पितळी नळकांडी भिन्न असल्यामुळे एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत वापरता येत नाही. विंचेस्टरच्या नळीतील आट्यांचा पीळ १० इंचांत एक फेरा असा होता, तर रेमिंग्टनने तो १२ इंचांत एक फेरा असा ठेवला. लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी ७५ ते ९० ग्रेनांची हलकी गोळी पुरेशी आहे, अशी रेमिंग्टनची धारणा होती. शिकाऱ्यांना मात्र हरणासाठीही चालेल अशी १०० ग्रेनांची गोळी हवी होती. परिणामी विंचेस्टरचे काडतूस लोकप्रिय झाले. रेमिंग्टनने १९६३ साली तेच काडतूस ‘६ एमएम रेमिंग्टन’ या नावाने पुन्हा आणले आणि त्याच्या रायफलींना ९ इंचांचा पीळ दिला. काडतुसाचा आकार बदलला नव्हता. त्यामुळे नव्या नावाचे, १०० ग्रेनांच्या लांब गोळीचे काडतूस १२ इंच पिळाच्या जुन्या रायफलीत सहज बसते, पण त्याची गोळी लक्ष्यावर एकवटेलच असे नाही.

याचे कारण गतिशास्त्रात आहे. उडत्या टोकदार गोळीवर हवेचा जो रोध कार्य करतो त्याचा मध्य गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असतो. म्हणून तो रोध गोळीला उलथवू पाहतो. भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत असल्यामुळेच गोळी सरळ राहते. गोळी जितकी लांब, तितकी उलथवणारी प्रेरणा प्रबळ आणि तितकाच आवश्यक पीळ अधिक घट्ट. वुलविच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला एका स्थिरांकाने गुणून पिळाच्या लांबीने भागले असता, त्या नळीला पेलणारी गोळीची कमाल लांबी मिळते. हा स्थिरांक साधारण वेगांना १५० व सेकंदास सुमारे २८०० फुटांहून अधिक वेगांना १८० धरतात.

१८० हा स्थिरांक घेतल्यास १२ इंच पिळाच्या नळीला सुमारे ०.८९ इंच, १० इंच पिळाच्या नळीला १.०६ इंच आणि ९ इंच पिळाच्या नळीला १.१८ इंच लांबीची गोळी पेलते. १०० ग्रेनांची टोकदार गोळी साधारणतः १ इंचाच्या आसपास असते. ती पहिल्या नळीच्या मर्यादेबाहेर, तर उरलेल्या दोहोंच्या मर्यादेत येते. त्याच वजनाची बोथट टोकाची गोळी आखूड असल्याने जुन्या नळीलाही पुष्कळदा मानवते. निर्णायक राशी वजन नसून लांबी आहे, हे यावरून दिसून येईल.

या प्रश्नाला अलीकडे नवे महत्त्व आले आहे. शिकारीत उरलेल्या मांसातील शिशाने कॅलिफोर्नियातील कॉन्डोर गिधाडांना विषबाधा होते, म्हणून त्या राज्याने २०१३ साली कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. शिशाचे घनत्व ११.३, तर तांब्याचे ८.९६ आहे. साहजिकच समान वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. शिवाय कमी घनत्वामुळे ग्रीनहिलच्या सूत्रातील मर्यादाही सुमारे ९ टक्क्यांनी घटते. १२ इंच पिळाच्या नळीसाठी ती ०.८० इंचांवर येते. म्हणून अशा रायफलीच्या मालकाने पूर्वीच्याच वजनाची तांब्याची गोळी शोधणे व्यर्थ होय. त्याने हलकी व आखूड गोळी घेतली पाहिजे.

व्यवहारात पहिली पायरी पीळ मोजण्याची. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, फिरत्या मुठीच्या सफाईच्या गजाला घट्ट कापड लावून तो नळीत सरकवावा. गजावरील खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत गज जितका आत गेला, तितका पीळ. पीळ नावावरून गृहीत धरू नये. त्यानंतर गोळीची लांबी मोजून मर्यादेत बसणारी दोन-तीन प्रकारची काडतुसे निवडावीत आणि प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या १०० यार्डांवर झाडून पाहाव्यात. तीन गोळ्यांचा समूह योगायोगानेही लहान येऊ शकतो. कागदावरील छिद्र वाटोळे नसून लांबट पडल्यास गोळी आडवी होत आहे असे समजावे. सीमेवरील गोळी उन्हाळ्यात सरळ जाऊन हिवाळ्याच्या दाट हवेत डळमळू शकते. म्हणून चाचणी शिकारीच्या ऋतूत घेणे इष्ट.

ही काटेकोर तपासणी केवळ नेमबाजीच्या हौसेपुरती नाही. डळमळत्या गोळीने प्राणी मरत नाही. जखमी होऊन रानात निसटतो आणि दिवसचे दिवस तडफडतो. ते टाळण्याची जबाबदारी काडतूस निवडणाऱ्याची आहे, आणि तिचे पहिले साधन मोजपट्टी हेच होय.