रेडिओ पुनःप्रेषण केंद्र

रेडिओ पुनःप्रेषण केंद्र : एका कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) आलेला दुर्बल रेडिओ संदेश ग्रहण करून तोच संदेश त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने प्रेषित करणारे केंद्र. व्यवहारात ते ‘रिपीटर’ या नावाने ओळखले जाते. वाहनांतील आणि हातात धरावयाच्या बिनतारी संचांचा पल्ला अशा केंद्रामुळे अनेक पटींनी वाढतो. पोलीस, वीजवितरण, पाटबंधारे, अग्निशमन इ. यंत्रणा स्वतःपुरती अशी केंद्रे चालवितात. एकाच केंद्रावरून अनेक ग्राहकांना शुल्क घेऊन सेवा दिल्यास ते व्यापारी केंद्र होय. अशा सार्वजनिक चल रेडिओ सेवांना भारतात १९९० नंतरच्या दशकात परवाने देण्यात आले.

स्थाननिवड : मध्यम तरंग जमिनीच्या वक्रतेला अनुसरून दूरवर जातात, त्यामुळे आकाशवाणीच्या परभणी केंद्रासारख्या प्रसारण केंद्राला डोंगरमाथ्याची गरज भासत नाही. बिनतारी संचांसाठी वापरल्या जाणाऱ्या सु. १५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांचे तसे नाही. ते जवळजवळ सरळ रेषेत जातात व क्षितिजापलीकडे झपाट्याने क्षीण होतात. सपाट प्रदेशात रेडिओ क्षितिजाचे किमी.मधील अंतर हे आकाशकाच्या (अँटेनाच्या) मी.मधील उंचीच्या वर्गमूळाला ४·१२ ने गुणले असता मिळते. म्हणून पल्ला दुप्पट करण्यास उंची चौपट करावी लागते.

परभणी जिल्ह्यावरून हे स्पष्ट होईल. जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या सपाट खोऱ्यांत मोडतो. परभणी शहर साधारणपणे मध्यभागी असून गंगाखेड, पाथरी, पूर्णा, सेलू व जिंतूर ही ठिकाणे तेथून सरळ रेषेत सु. ३० ते ४० किमी. अंतरावर आहेत. वाहनावरील आकाशक जमिनीपासून २ मी. उंच धरल्यास त्याचे स्वतःचे क्षितिज सु. ६ किमी. असते. उरलेल्या ३४ किमी. अंतरासाठी शहरातील मनोरा सु. ७० मी. उंच असावा लागतो. दुसरा पर्याय उत्तरेकडील जिंतूरच्या डोंगराळ भागाचा. तेथे लहान मनोराही पुरतो. परंतु दक्षिणेकडील गंगाखेड तेथून सु. ७० किमी. दूर पडते. तेथपर्यंत पोहोचण्यास डोंगर व मनोरा मिळून भोवतालच्या सपाटीपासून सु. २४० मी. उंची लागते. ती न लाभल्यास दक्षिण भागासाठी दुसरे केंद्र उभारून दोन्ही केंद्रे जोडावी लागतात.

निर्णय केवळ पल्ल्यावर घेतल्यास मात्र फसगत होते. डोंगरावर पावसाळ्यात वाहन पोहोचेल काय, वीजपुरवठा किती भरवशाचा आहे व बिघाड झाल्यावर तंत्रज्ञ किती तासांत तेथे जाईल, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे असतात. जेथे वर्षभर जाता येत नाही, ती जागा कितीही उंच असली तरी गैरसोयीचीच ठरते.

पायाभरणी व भूसंपर्कन : सपाटीवरील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मनोऱ्याचा पाया व त्याचे ताण तोलणाऱ्या तारांचे खुंट या थराखालील घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेले नाहीत, तर मनोरा कालांतराने कलतो. याच काळ्या जमिनीचा एक गुण असा की, ओलसर असताना ती विजेची चांगली वाहक असते. त्यामुळे तडिताघाताचा प्रवाह जमिनीत सहज मुरतो. डोंगरावरील उघड्या बेसाल्ट खडकाचा विद्युत् रोध उच्च असल्याने तेथे अनेक भूपट्ट्या दूरवर पसराव्या लागतात. मनोरा, समाक्ष केबलीचे बाह्य आवरण व यंत्रसामग्री यांचे भूसंपर्क एकमेकांस जोडलेले असावेत. अन्यथा त्यांच्यातील वर्चोभेदामुळे (विद्युत् दाबातील फरकामुळे) ग्राहीची हानी होते.

यंत्रसामग्री : केंद्रात ग्राही, प्रेषक, नियंत्रक, आकाशक व विद्युत् घटमाला हे मुख्य भाग असतात. मुख्य अडचण ग्राही व प्रेषक एकाच वेळी, बहुधा एकाच आकाशकावर, चालण्याची असते. २५ वॉट शक्तीच्या प्रेषकाशेजारी बसून ग्राहीला सु. पाव मायक्रोव्होल्टाचा संदेश ऐकावयाचा असतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर दोनवर सोळा शून्ये एवढे मोठे असते. म्हणून दोन्ही कंप्रतांत काही मेगॅहर्ट्‌झचे अंतर ठेवतात आणि डुप्लेक्सर नावाचे छानक बसवितात. धातूच्या उंच डब्यांतील अनुस्पंदी पोकळ्यांच्या साहाय्याने ते एक कंप्रता जाऊ देतात व दुसरी अडवितात. भलत्याच संदेशांनी प्रेषक चालू होऊ नये म्हणून ग्राहकांच्या संचांतून कानाला सहसा न जाणवणारा नीच कंप्रतेचा स्वर संदेशासोबत पाठविला जातो. तो ओळखला तरच नियंत्रक प्रेषक सुरू करतो. प्रेषकाची शक्ती वाढविल्याने सेवा सुधारतेच असे नाही. हातातील संच ५ वॉट किंवा त्याहून कमी शक्तीचा असतो. केंद्र त्याला ऐकू आले, पण त्याचा आवाज केंद्रापर्यंत पोहोचला नाही, तर संभाषण होत नाही.

परवाना : खाजगी व्यक्तीस किंवा संस्थेस स्वेच्छेने कंप्रता वापरता येत नाही. भारतात हे नियंत्रण भारतीय तार अधिनियम १८८५ व भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियम १९३३ यांच्या आधारे केले जात आले. त्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम २०२३ संमत झाला व २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू करण्यास आरंभ झाला. कंप्रतांचे नियोजन १९५२ मध्ये स्थापन झालेला केंद्र शासनाचा बिनतारी नियोजन व समन्वय विभाग करतो. मनोऱ्याची जागा व उंची विमानवाहतुकीस आणि अन्य केंद्रांस बाधक नाही, हेही तपासून घ्यावे लागते.

देखभाल : केंद्र उभारण्याचा खर्च एकदाच होतो, त्याची विश्वसनीयता मात्र देखभालीवर अवलंबून असते. केबलीच्या जोडात पाणी शिरल्यास शक्तीचा ऱ्हास हळूहळू होतो व तो ग्राहकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून आकाशकाकडे जाणारी व तेथून परावर्तित होणारी शक्ती ठराविक काळाने मोजून नोंदवहीत लिहितात. परावर्तन पूर्वीपेक्षा वाढू लागले की बिघाडाची पूर्वसूचना मिळते. मनोऱ्यावरील गंजलेले सांधे अनिष्ट कंप्रता निर्माण करून ग्रहणात गोंगाट वाढवितात. तारांचा ताण, रंग व दिवे यांची पाहणी पावसाळ्यापूर्वी करतात. भूसंपर्काचा रोधही मे महिन्यात मोजणे श्रेयस्कर. कारण जमीन सर्वांत कोरडी व रोध सर्वाधिक असतानाच वळवाच्या विजा पडू लागतात. पावसाळ्यातील समाधानकारक मापनावर विसंबणे धोक्याचे असते.

घटमालेची धारकता पुढीलप्रमाणे काढतात. प्रेषण चालू असता १० अँपिअर व एरवी १ अँपिअर प्रवाह लागतो आणि निम्मा वेळ प्रेषण चालते असे मानल्यास सरासरी ५·५ अँपिअर व २४ तासांत १३२ अँपिअर-तास एवढा वापर होतो. शिसे-अम्ल घट निम्म्याहून अधिक रिकामे करू नयेत, म्हणून सु. २६५ अँपिअर-तास धारकता लागते. तापमान दर १० से. ने वाढले की अशा घटांचे आयुष्य सु. निम्मे होते. परभणीत उन्हाळ्यात तापमान ४० से. पलीकडे जात असल्याने घटांची खोली सावलीत व हवेशीर असावी लागते. केवळ व्होल्टता मोजून घटांची खरी स्थिती कळत नाही. बाहेरील वीज तोडून केंद्र काही तास घटांवर प्रत्यक्ष चालवून पाहणे हीच खरी कसोटी होय.

महत्त्व : मोबाइल दूरध्वनीच्या प्रसारामुळे पुनःप्रेषण केंद्रांचा व्यापारी व्याप आकसला. अंकीय पद्धतीत एकाच वाहिनीवर दोन संभाषणे चालू शकतात. त्यामुळे उरलेल्या केंद्रांची क्षमता वाढली आहे. एकाने बोलावे व सर्वांनी एकाच वेळी ऐकावे, ही सोय आपत्तीत विशेष मोलाची ठरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या लातूर–उस्मानाबाद भूकंपानंतर संदेशवहनासाठी हौशी रेडिओचालकांची मदत झाली. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे गोदावरीकाठी पूर आला. अशा पुरात खालच्या गावांना वेळीच इशारा पोहोचणे हा जीवितरक्षणाचा प्रश्न असतो. वीज व रस्ते बंद पडतात त्याच दिवशी केंद्राची खरी गरज भासते. त्या दिवशी ते चालेल की नाही, हे आधीच्या कोरड्या महिन्यांतील देखभालीने ठरलेले असते.