नदीचे रक्षण उगमाच्या रानात

नदी जपावयाची म्हणजे तिचे पात्र जपावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः नदीचे भवितव्य पात्राबाहेर, तिला पाणी पुरविणाऱ्या डोंगरउतारांवर ठरत असते. म्हादई हे याचे बोलके उदाहरण होय. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील देगावजवळ उगम पावणारी ही नदी गोव्यात मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्रास मिळते. पणजीच्या नळांना येणारे पाणीही याच खोऱ्यातील खांडेपार या उपनदीचे.

घाटात पाऊस पडतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रान दाट असले म्हणजे त्याचा मारा पानांवर झेलला जातो. पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली माती पाणी मुरवून घेते आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे ते थोडे थोडे सोडते. रान तुटले की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. पावसाळ्यात गढूळ पूर आणि उन्हाळ्यात रोडावलेला प्रवाह! मग मुखाशी भरतीचे खारे पाणी अधिकच आत शिरते.

म्हणूनच १९९९ साली गोव्यात म्हादई आणि २०११ साली खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य घोषित झाले, याचे मोल केवळ वन्य पशूंपुरते नाही. पाणीवाटपाचा तंटा लवादापुढे गेला; २०१८ साली निवाडा झाला, तरी धुसफूस शमली नाही. परंतु वाटावयास पाणी हवे, तर ते आधी रानातील मातीत मुरले पाहिजे. राज्यांच्या सीमा मातीला ठाऊक नसतात.