युरिक आम्ल आणि मेदयुक्त यकृत

बेंगळुरू शहराच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी ही एकेकाळची खेडेवजा वस्ती आज माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांची मोठी वसाहत झाली आहे. तासन्‌तास बैठे काम, अवेळी जेवण, गोड शीतपेये आणि अपुरी झोप हे अशा नोकऱ्यांत नेहमी आढळणारे चित्र होय. याच क्षेत्रातील हैदराबाद येथील ३४५ कर्मचाऱ्यांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ८४ टक्के व्यक्तींच्या यकृतात चरबी वाढलेली आढळली. अशा व्यक्तींच्या रक्ततपासणीत पुष्कळदा युरिक आम्लाचे प्रमाणही वाढलेले दिसते. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे?

यकृत ही शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी होय. यकृतातील चरबीचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक झाले, की त्यास मेदयुक्त यकृत किंवा फॅटी लिव्हर असे म्हणतात. हा विकार मद्यपान न करणाऱ्यांनाही होतो. आरंभी त्यात वेदना नसतात. म्हणून तो बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत उघडकीस येतो. काही रुग्णांत मात्र पुढे यकृताला सूज येते आणि कालांतराने ते निबर व कठीण होते.

युरिक आम्लाचा शोध स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७६ साली मूत्राशयातील खड्यांत लावला. पेशींमधील आणि अन्नातील प्युरिन या द्रव्यांचे विघटन होऊन हे आम्ल तयार होते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडे शरीराबाहेर टाकतात. रक्तातील त्याचे प्रमाण फार वाढले, की सांध्यांत त्याचे स्फटिक साचून गाउट हा वेदनादायक संधिविकार होऊ शकतो.

या दोहोंना जोडणारा पहिला दुवा साखरेत आहे. आपल्या नेहमीच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना पेशीतील ऊर्जावाहक रेणू झपाट्याने खर्ची पडतात आणि त्यांच्या विघटनातून युरिक आम्ल बनते. उरलेल्या फ्रुक्टोजच्या काही भागाची चरबी होते. म्हणजे गोड पेयाचा एकच पेला दोन्ही बाजूंनी भर घालतो. दुसरा दुवा इन्शुलिनचा. पोट सुटले, की पेशी इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग यकृतात चरबी साचते आणि मूत्रपिंडांतून युरिक आम्ल कमी प्रमाणात बाहेर पडते. पेशींत वाढलेले युरिक आम्ल स्वतःही चरबी तयार होण्यास चालना देते, असे प्रयोगशाळेतील संशोधनात दिसले आहे. तथापि माणसांत तेच या विकाराचे मूळ कारण आहे, हे सिद्ध झालेले नाही. म्हणून वाढलेले युरिक आम्ल हा धोक्याचा इशारा समजावा. केवळ त्यावरून निदान करू नये.

हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. अहवाल हाती येताच अनेक जण डाळ-उसळ वर्ज्य करतात. चहातील साखर, शीतपेये आणि बिअर मात्र चालूच राहतात. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांची १२ वर्षे पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व मासे अधिक खाणाऱ्यांना गाउटचा धोका जास्त आढळला. प्युरिनयुक्त भाज्या व कडधान्ये खाणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. शाकाहारी कुटुंबाने डाळ सोडली, तर प्रथिनांचा मुख्य आधारच जातो आणि यकृताचे दुखणे तसेच राहते.

खरा उपाय दोन्ही विकारांच्या समान मुळावर आहे. साखर व गोड पेये कमी करणे, मद्य टाळणे, रोज भरभर चालणे आणि वजन हळूहळू उतरवणे हे त्याचे मार्ग होत. वजन ५ टक्क्यांनी घटले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांनी घटल्यास सूजही ओसरू शकते. कडक उपवास मात्र करू नयेत. त्यांनी युरिक आम्ल तात्पुरते वाढते. ते कमी करणारी औषधे स्वतःच्या मनाने घेणेही धोक्याचे आहे, कारण काहींच्या त्वचेवर त्यांची गंभीर प्रतिक्रिया उमटते. भारत सरकारने २०२१ साली मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. म्हणून युरिक आम्ल वाढलेले दिसल्यास वजन, कमरेचा घेर आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, तसेच यकृताच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. यकृत आपले दुखणे बोलून दाखवत नाही. अशा वेळी रक्ताने दिलेली सूचना वाचता येणे हेच शहाणपण होय.