चौथा भिडू

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याशी चार डाव पत्ते खेळावेत, असे आमच्या धारच्या वाड्यात वडीलधारी मंडळी म्हणत. कोणी आपले हात मोजीत बसे. कोणी कुणाकडे कोणते पान अडकले आहे याचा तर्क चालवी. कुणाला दुसऱ्याच्या राजावर हुकूम मारण्यातच सारा आनंद. आणि एखादा असाही असे, की हरला काय, जिंकला काय, बैठक मोडू नये एवढीच त्याची इच्छा. ही चार माणसे मी लहानपणापासून पाहत आलो. तरीही गेल्या वर्षी माझ्याच घरात त्यांतला एक माझ्यासमोर बसला होता आणि मला तो ओळखता आला नाही, त्याची ही हकीकत.

मागल्या जून महिन्यात माझ्या मुलाची बदली देवासला झाली आणि धारचा वाडा भावाच्या स्वाधीन करून आम्ही सारे इकडे आलो. अंतर म्हणाल तर इंदूर मध्ये धरून शंभरेक किलोमीटर. दोन्ही गावे पवारांची. वळण एक, बोली एक, सणवार एक. सकाळी माताजीची टेकडी चढून यावे, दुपारी वर्तमानपत्र वाचावे, मला काही परके वाटले नाही. पण नातू तेरा वर्षांचा. त्याची शाळा नवी, वर्ग नवा, बाकावरचा शेजारीही नवा. दिवेलागण झाली की तो मोबाइल घेऊन मागच्या खोलीत जाई, कानांत यंत्रे घाली, आणि मग आतून आरडाओरडा सुरू होई : “मागून आला, मागून!” “अरे, छतावर आहे तो!” “थांबा, थांबा, मी येतोय!”

हा खेळ म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, तिचाच हा २०२१ च्या जुलैत आलेला भारतीय अवतार. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर छत्रीने उतरतात, शस्त्रे हुडकतात, सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू आवळत जाते, आणि शेवटी जो जिवंत उरेल तो जिंकला. चौघांची टोळी करूनही खेळता येते, आणि टोळीतले चौघे चार गावांत बसून एकमेकांशी बोलू शकतात. मला मात्र त्यात माणसे मारण्यापलीकडे काही दिसले नाही. मी फर्मान काढले : आठाच्या ठोक्याला मोबाइल माझ्या कपाटात. ठोका पडला की मी स्वतः जाऊन तो हातातून काढून घेत असे, मग डाव कुठेही असो.

पोरगा काही बोलला नाही. हट्ट नाही, रडणे नाही. जेवताना गप्प, अभ्यासाला बसला तरी गप्प. मला वाटले, औषध लागू पडले.

दिवाळीला आम्ही धारला गेलो. फराळाला नातवाचे जुने सोबती आले होते. त्यांतला एक चुणचुणीत मुलगा हातात बेसनाचा लाडू घेऊन मला विचारू लागला, “आजोबा, हा रोज मधेच का हो निघून जातो? खेळात त्याचा माणूस नुसता उभा राहतो दगडासारखा. मग कोणी येऊन त्याला मारू नये म्हणून आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे राहतो. शेवटी आम्हीच मरतो!”

सगळी पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही. ज्याला मी मारामारी समजत होतो, त्यात तीन मुले रोज आठ वाजता एका हललेल्या मित्राच्या भोवती पहारा करीत उभी होती, आणि हलवणारा मी होतो.

माझ्या लेकीची मुलगी पुण्याला संगणकशास्त्र शिकते. ती हे ऐकत होती. तिने देवघराशेजारच्या फडताळातून पत्त्यांचा जोड काढला आणि चार एक्के माझ्यासमोर मांडले. “आजोबा, हे तुमच्याच भाषेत सांगते,” म्हणाली.

तिने सांगितले ते असे. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघा विद्यार्थ्यांनी संगणकावर एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता. सगळा खेळ शब्दांचा. ‘तू एका गुहेत आहेस’ अशा धर्तीची वाक्ये पडद्यावर उमटत आणि खेळणारा ‘उत्तरेला जा’ असे टंकीत असे. नवल एवढेच की एकाच गुहेत एकाच वेळी अनेक माणसे वावरू शकत. पुढे या लोकांना खेळातून नेमके हवे तरी काय असते यावर जुन्या खेळाडूंत महिनोन् महिने वाद झाला. त्या वादाचे सार काढून बार्टल यांनी १९९६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि खेळाडूंचे चार रंग पाडले. रंग म्हणजे अक्षरशः पत्त्यांचे रंग!

चौकटवाले गुण, पायऱ्या आणि खजिना यांच्या मागे असतात. इंग्रजीत चौकटीचे नावच हिरा. इस्पिकाचे नाव फावडे, म्हणून इस्पिकवाले खणणारे : कुठल्या भिंतीमागे काय दडले आहे आणि या जगाचे नियम कसे चालतात याचा शोध घेणारे. बदामवाल्यांना माणसे हवीत, खेळ हे त्यांना एकत्र बसण्याचे निमित्त. आणि किल्वर म्हणजे सोटा. किल्वरवाल्यांना दुसऱ्यावर आपली सत्ता गाजवायची असते. समोरचा चिडला की यांचा आनंद दुणावतो. किल्वरवाले फार माजले तर बदामवाले आणि चौकटवाले खेळ सोडून निघून जातात, हेही बार्टल यांनी नोंदवले आहे. पंक्तीतल्या एका भांडखोर माणसाने सगळी पंगत उठवावी, तसेच ते.

मग आम्ही घरातली माणसे त्या एक्क्यांवर बसवू लागलो. आमच्या सौ. ‘कँडी क्रश’च्या दोन हजारांवरच्या पायरीवर आहेत आणि ही गोष्ट त्या विहिणींनाही सांगतात. त्या चौकट. माझा एक भाचा कॅरममध्येही समोरच्याची राणी भोकापाशी आली की ती उडवून लावण्यासाठीच खेळतो. तो किल्वर, त्याचे त्यालाही मान्य झाले. नातीचा धाकटा भाऊ ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या खेळात गेले चार महिने धारचा किल्ला बांधीत आहे. बुरुज झाले, आता तळघर चालू आहे. बटण दाबताच भिंत सरकेल असा एक चोरदरवाजा त्याने बसवला, आणि तो कसा बसवला हे तो कोणालाही सांगत नाही. तो इस्पिक. मला आमच्या भोजराजाची आठवण झाली. अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या त्याच्या ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. हलत्या बाहुल्या, कारंजी, लाकडी पक्षी असे सगळे त्यात येते. पण यंत्रांची घडण मुद्दामच सांगितलेली नाही. ती गुप्त राहावी म्हणून, ठाऊक नाही म्हणून नव्हे, असा खुलासाही तिथे केला आहे. धारच्या मातीत इस्पिकवाले जुनेच म्हणायचे.

“असे एकेका माणसाला एकेका पानावर चिकटवू नका हं,” नात म्हणाली. निक यी नावाच्या अभ्यासकाने २००६ मध्ये सुमारे तीन हजार खेळाडूंच्या उत्तरांची छाननी करून दाखवले, की या ओढी एकमेकींना मारीत नाहीत. पायऱ्या चढण्याची हौस असलेल्या माणसाला सोबतीचीही तितकीच हौस असू शकते.

आता राहिला नातू. त्याचे नाव कोणी घेतले नाही, पण बदामाचा एक्का माझ्यापुढे पडलेला होता. आणि त्याच क्षणी मला आमची ओसरी आठवली. आम्ही चौघे तिथे जवळजवळ तीस वर्षे मेंढीकोट खेळलो. मी दहिल्या मोजणारा, एक हात गेला तरी हळहळणारा. मी चौकटवाला असेच सारे समजत आणि मीही तसेच समजत होतो. मग आमच्यातला एक गेला. दुसरा भिडू मिळत होता, चांगला खेळणाराही होता. पण मी पुन्हा त्या बैठकीला बसलो नाही. मला मेंढ्या हव्या असत्या तर त्या कोणाबरोबरही मिळाल्या असत्या.

नातवाला मारामारी हवी असती तर त्यालाही देवासमध्ये कोणाबरोबरही मिळाली असती. त्याला धारची तीन पोरे हवी होती, आणि ती फक्त त्या बेटावर भेटत होती.

यावरून मोबाइल मुलांच्या हाती सोडून द्यावा असे माझे म्हणणे नाही. खेळाचे व्यसन लागते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची गणना विकारांत केली आहे आणि २०२२ पासून ती वर्गवारी अमलात आहे. पण तिची कसोटी वाचून पाहावी. ती नुसते तास मोजत नाही. खेळण्यावर ताबा उरला आहे का, खेळापुढे बाकी सारे मागे पडले आहे का, नुकसान दिसत असूनही थांबवत नाही का, आणि हे सहसा वर्षभर तरी चालले आहे का, हे ती विचारते. पैसे लावून खेळण्याची गोष्ट तर निराळीच. अशा ऑनलाइन खेळांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, ते बरेच झाले. माझा नातू मात्र यांपैकी कशातच बसत नव्हता. मी घड्याळ पाहिले होते, मुलाकडे पाहिलेच नव्हते.

देवासला परतल्यावर आम्ही दोघांनी नवा करार केला. एक पूर्ण डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. तेव्हा रोज दोन डाव, नऊच्या आत. डाव मध्येच मोडायचा नाही, मीही नाही आणि त्यानेही नाही. आमच्या ओसरीवरही अर्ध्या डावातून उठणाऱ्याला कोणी माणसांत धरत नसत. दुसरा डाव संपल्यावर तिसऱ्याची भाषा काढायची नाही. ही शेवटची अट त्याने दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा एकेक दिवस मोबाइल कपाटात राहिला. त्याने कुरकुर केली. गप्प बसण्यापेक्षा मला ती कुरकुर बरी वाटली.

परवा आठ वाजता मी मागच्या खोलीच्या दाराशी सहज थांबलो. पूर्वी मला आतून नुसता आरडाओरडा ऐकू येई. त्या दिवशी नीट ऐकले. मुंज तलावाला पाणी किती आहे, गणिताच्या नव्या मास्तरांना मुलांनी काय नाव ठेवले आहे, कुणाच्या बहिणीचे लग्न ठरले, असे सगळे धारचे वर्तमान चालले होते. मधूनच “मागून आला!” एवढे काय ते युद्ध.

मी आत न जाता ओट्यावर येऊन बसलो. धारच्या वर्तमानातले काही मलाही नवे होते. जेवताना विचारीन म्हटले.